खिळ्याला घातलेली माळ

एका खिळ्याची कावीळ मी स्वतः उतरवलेली आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, काविळीची माळ द्यायचे. मंठा तालुक्यातल्या आमच्या गावी रविवारी आणि बुधवारी सकाळी अंगणात पिवळ्या डोळ्यांची माणसं उपाशीपोटी येऊन बसायची. बांधावरच्या एका झुडपाच्या ओल्या काड्या तोडायच्या, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि ते सुतात एका ठरावीक गाठीनं गुंफायचे. झुडपाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि इतकी भांडणं करूनही ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माळ करायची ती डोक्यावर जेमतेम बसेल एवढीच. मग दिवस जातील तशी ती लांबते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. पायातून निघाली की कावीळ गेली, असा हिशेब.

तसली एक माळ मी चोरून मागच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. पाचव्या दिवशी ती लोंबून ज्वारीच्या पोत्यावर टेकली होती. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, गाठी ढिल्या पडल्या, माळ लांबली. एवढंच त्यातलं गुपित. मी आबांना हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. त्यांनी माळेकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खिळ्याला बी कावीळ झाली आसंल, बाई. चांगलं केलं, उतरवली." अंगणातले लोक पोट धरून हसले. त्यातले दोघं-तिघं अजूनही भेटले की विचारतात, तुमच्या खिळ्याची तब्येत कशी आहे म्हणून.

आबा भोंदू नव्हते, हीच माझी अडचण. भोंदू असते तर भांडायला सोपं गेलं असतं. माळेचे ते पैसे घेत नसत. एक नारळ आणि अगरबत्ती, तेही आणलं तर. लांबून आलेल्याला माझी माय चहा द्यायची. शेवटचा माणूस उठेपर्यंत आबा स्वतः पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत, मग दुपारचे दोन वाजोत. पेरणीच्या दिवसांत शेत तसंच सोडून ते ओसरीवर बसलेले मी पाहिले आहेत. अशा माणसाला तुम्ही लोकांना फसवता असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी म्हणायचे, ती गोष्ट वेगळी. पण म्हणून झाल्यावर मलाच चोरट्यासारखं वाटायचं.

लग्नानंतर मी जालन्याला आले आणि एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. उगवणशक्ती तपासायचं काम. पोत्यातून नमुना येतो, त्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात ओळीनं मांडून गुंडाळी करायची, ठरलेल्या तापमानात ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. दाणा टपोरा आहे, चकचकीत आहे, याला आमच्याकडे काडीची किंमत नाही. टपोरे दाणे मेलेले निघतात आणि मळकट दाणे तरारून येतात. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, पिशवीवरची तारीख आणि आकडा वाचल्याशिवाय तो बियाणं उचलत नाही. आणि तोच माणूस आपलं यकृत मात्र आरशात डोळे बघून पास करतो. हे मला कधी समजलं नाही आणि सहनही झालं नाही.

माहेरी गेले की मी ओसरीवर भाषण द्यायचे. कावीळ हा आजार नाही हो, ते लक्षण आहे, आतलं यकृत दुखावलंय एवढंच ते सांगतं. कशानं दुखावलं ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. घाण पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून येते ती ए आणि ई. ताप, मळमळ, अन्न समोर आलं की उलटी, लघवी गडद, मग डोळे पिवळे. ती बहुतेकांची आपोआप बरी होते, यकृत स्वतःच सावरतं. पण गरोदर बाईला ई झाली तर जिवावर बेतू शकतं, तिला माळ घालून घरी पाठवू नका. बी आणि सी रक्तातून येते. ती सुरुवातीला डोळे पिवळे करेल किंवा नाहीही करणार, माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि आत यकृत वाळत जातं. बी आईकडून बाळाला जाते, आणि तिला लस आहे. दारूनं होते ती वेगळी. पित्ताच्या पिशवीतला खडा नळीत अडकला तरी माणूस पिवळा पडतो, तिथं माळ काय करणार? मेडिकलवाल्याला विचारून मनानं घेतलेल्या गोळ्यांनीसुद्धा यकृत सुजतं.

लोक सगळं ऐकून घ्यायचे. "ताई बराबर बोलून राह्यल्या," असंही म्हणायचे. मग डोकं पुढं करायचे, माळेसाठी.

आणि बरे व्हायचे! हेच तर सगळ्यात मोठं दुखणं होतं माझं. पाण्यातून झालेली कावीळ उतरायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात एखाद-दोन माळा होतात, यकृत आपलं काम करतं आणि श्रेय जातं माळेला. वर पथ्य म्हणून उसाचा रस प्यायला सांगितलेला असायचा. मंठ्याच्या स्टँडबाहेर, माश्या घोंगावणाऱ्या गाड्यावर, कुठल्या पाण्याचा ते देवाला ठाऊक अशा बर्फाचा रस. म्हणजे ज्या वाटेनं कावीळ आली त्याच वाटेला माणूस पुन्हा जाऊन उभा. मी हे बोलले की आबा म्हणायचे, "मंग बर्फ नका टाकू म्हण की. रसाला काहून नावं ठेवती?" एवढं मात्र त्यांनी ऐकलं. त्यानंतर ते बिनबर्फाचा रस सांगायला लागले. वीस वर्षांच्या भांडणातली माझी ही एकुलती कमाई.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मायचा फोन आला. ती म्हणाली, "जरा येऊन आबाचे डोळे बघ." मी व्हिडिओ लावायला सांगितला तर तिनं फोन असा धरला की मला अर्धा तास छताचा पंखाच दिसला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीनं मंठ्याला गेले, तिथून धाकटा भाऊ मोटारसायकलवर घ्यायला आला. वाटेत त्यानं सांगितलं की आबा वर्षभर थकल्यासारखेच आहेत. जेवण निम्म्यावर आलं आहे, अंगाला खाज सुटते, दिवसा झोपतात आणि रात्री जागे असतात. परवा नाकातून रक्त आलं होतं. कालपरवा तर शेताचा रस्ता विसरून दुसऱ्याच बांधावर जाऊन बसले. मी ओरडले, "आणि हे मला आत्ता सांगतोयस?" तो म्हणाला, "आबाच म्हणाले, उमर झाली, बोलू नको."

आबा ओसरीवर बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र पुढं आलेलं, धोतर खाली सरकवून बांधलेलं. पाय इतके सुजलेले की चपलेच्या पट्ट्याची खूण खोल उमटली होती. मी पायावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. हे पाण्यातल्या काविळीचं चित्र नव्हे, एवढं मला कळत होतं. मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जालन्याला चला."

"चलतो की. पर आधी तू माळ बांध."

माळ देणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर स्वतः माळ ठेवायची नसते, असा नियम. भावाला गाठ कधी जमली नाही. मला मात्र येत होती, कारण लहानपणी आबांच्या शेजारी बसून काड्या तोडून देणारी मीच होते. म्हणजे ज्या माळेशी मी वीस वर्षं भांडले ती बांधणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही म्हणाले. आबा म्हणाले, मग मीही येत नाही. माय मधे पडली. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बांध की. माळेनं काय मानूस मरतंय का?"

तेव्हा मला प्रयोगशाळेतली युक्ती सुचली, आणि त्या युक्तीचा मला अजूनही राग येतो. आमच्याकडे मोजणीचा दिवस आधी ठरवतात, निकाल बघून नाही. मी म्हणाले, "बांधते. पण ही माळ पायातून निघाली आणि डोळे पिवळेच राहिले, तर मी म्हणेन तिथं यायचं. सुई टोचू म्हणाले तर टोचून घ्यायची."

आबा हसले. "बिलकुल. पायातून निघली अन् डोळे पिवळेच राह्यले, तर तू म्हणशील तिथं येतो. जबान दिली."

मी काड्या तोडून आणल्या. बोटांना गाठ आठवत होती, मला आठवायची गरजच पडली नाही. आबा डोळे मिटून बसले होते आणि माझ्या बोटांकडे न बघता म्हणाले, "तिसरी ढिली पडली. सोड, पुन्हा घाल." बरोबर होतं त्यांचं. मी सोडून पुन्हा घातली.

मी तिथंच राहिले. माळ दुसऱ्या दिवशी गळ्यात आली, चौथ्या दिवशी पोटावर आली आणि त्या फुगलेल्या पोटावर अडली. पाचव्या दिवशी सकाळी आबांनी ती हातानं मोकळी करून खाली सोडली आणि तिच्यातून पाय बाहेर काढले. मग आरसा मागितला. खालची पापणी ओढून त्यांनी बराच वेळ पाहिलं, एक डोळा, मग दुसरा. हजारो लोकांचे डोळे असेच पापणी ओढून त्यांनी पाहिले होते. माय म्हणाली, "आनखी एक बांधावी का?" आबांनी आरसा पालथा ठेवला. "न्हाई. जबान म्हंजे जबान. बाई, कोणची गाडी हाये?"

मी जिंकले होते. जिंकल्यावर जे वाटायला हवं होतं त्यातलं काहीही वाटलं नाही. पाय सुजलेल्या, पोटात पाणी झालेल्या माणसाला मी पाच दिवस घरात बसवून ठेवलं होतं, केवळ माळ खोटी ठरावी म्हणून. खांद्यावर उचलून न्यायला हवं होतं त्यांना पहिल्याच दिवशी.

जालन्याच्या दवाखान्यात रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण घाई न करणाऱ्या. त्या आबांशीच बोलल्या, माझ्याशी नाही, हे मला आवडलं. "आजोबा, तुमचं यकृत आकसलंय, कडक झालंय. त्यामुळं रक्त पुढं नीट जात नाही आणि पोटात पाणी साठतं. हे एका दिवसात झालेलं नाही, वीस-पंचवीस वर्षांचं काम आहे. दारू?"

"सुपारीचं खांड बी खात न्हाई मी," आबा दुखावून म्हणाले.

"विचारावं लागतं, रागावू नका. तुमच्या रक्तात सी नावाची कावीळ सापडली आहे. ती रक्तातून येते. कधी रक्त चढवलं होतं? ऑपरेशन? दात काढला? गावात एकाच सुईनं सगळ्यांना इंजेक्शन देणारं कुणी होतं?" आबा मान हलवत राहिले. नाही, नाही, नाही. मग ब्लडप्रेशर बघायला बाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही वर सरकवली आणि थांबल्या. "हे काय आहे?"

आबांच्या डाव्या दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत रेघा होत्या. बारीक, पांढरट, एकीला लागून दुसरी, मधे बोट ठेवायला जागा नाही. मी त्या जन्मापासून पाहत आले होते. आमच्यासाठी तो आबांचा हात होता, बस.

आबांना बरं वाटलं, कुणीतरी विचारलं म्हणून. ते सांगू लागले. माळ देऊनही ज्याची कावीळ हटत नाही, ती मुरलेली कावीळ. तिला दंडावर ब्लेडनं रेघ ओढायची, रक्ताचा थेंब आला की त्यात त्याच झुडपाचा रस दाबायचा. पण गुरूनं शपथ घातलेली होती, आपण सोसल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही. "म्हनून आधी माझ्या दंडावर रेघ, मंग त्याच्या. येक माझी, येक त्याची. त्याला भेव बी वाटत न्हाई, बघतो ना तो, की म्हातारा हसून राह्यला."

"ब्लेड तेच?" बाईंनी विचारलं.

"तेच. लिंबाच्या पान्यानं धुवायचो ना. आमुशाला बदलायचो, दर आमुशाला, चुकलं न्हाई कधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला आधी कळलं आणि मग मी आबांकडे बघायचं टाळलं. माळेनं जे बरे होत ते पाण्यातल्या काविळीचे, त्यांना ब्लेड कधी लागलंच नाही. ज्यांची हटत नसे, ते रक्तात काहीतरी घेऊन फिरणारे असण्याची शक्यता जास्त. नेमक्या त्यांच्यासाठी ब्लेड राखून ठेवलेलं. आणि प्रत्येक वेळी मधे आबांचा दंड. एकाचं रक्त आबांत, आबांचं पुढच्यात, पुढच्याचं पुन्हा आबांत. मी बाजूला बसून ती लिंबाची फोड पिळून दिलेली आहे. वीस वर्षं मी माळेवर तुटून पडले, जी बिचारी नुसती वाळून लांब होत होती, आणि ब्लेडबद्दल एक शब्द बोलले नाही. ओसरीवर बी आणि सी रक्तातून येते म्हणून भाषण झोडणारी मी, समोर रक्त निघत असताना. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. कुणाकडून कुणाला गेलं ते आता सांगता येणार नाही. सीवर गोळ्या आहेत, काही महिने रोज घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात मिळतात, विषाणू बहुतेकदा पुरता जातो. पण जे यकृत आकसून गेलं ते पहिल्यासारखं होईल असं नाही, त्यावर नजर ठेवावी लागेल. मीठ बंद, पोटातलं पाणी कमी करायच्या गोळ्या चालू, आणि शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, ज्यांना ज्यांना रेघ ओढली, त्यांना रक्त तपासायला सांगा. अजून त्रास नसेल तर फारच चांगलं, वेळेत सापडेल आणि बरे होतील."

बाहेर येऊन आबा बाकावर टेकले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्यातलं त्यांच्यात?"

"किंवा त्यांच्यातलं तुमच्यात," मी म्हणाले.

"ते न्हाई इचारलं मी," आबा म्हणाले आणि बाही खाली ओढून बटण लावू लागले. बटण काही लागेना. मी लावायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

माझ्याही दंडावर एक रेघ आहे, बाराव्या वर्षी माझी कावीळ हटेना तेव्हाची. मी, माय आणि भाऊ, तिघांनी रक्त दिलं. तिघांचंही काही निघालं नाही. मायनं दवाखान्यातच हात जोडले. मला सुटल्यासारखं वाटलं, नाही असं नाही, पण त्या सुटण्यात काही चव नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या. पोट उतरलं, पायाची सूज उतरली, डोळे जरा निवळले. मिठावरून घरात रोज महाभारत. माय लोणच्याच्या बरण्या लपवायची आणि आबा बरोबर शोधून काढायचे. पण अंगात जरा ताकद आल्याबरोबर त्यांनी भावाला पहिलं काम सांगितलं, गाडी काढ. वही-बिही काही नव्हती. कुणाला रेघ ओढली होती ते त्यांना चेहऱ्यानं आठवत होतं, गावासकट, घरासकट. रविवारी मी माहेरी असले की मीच स्कूटीवर न्यायचे, कारण भाऊ दोन घरं झाली की वैतागायचा.

मला वाटलं होतं आबांचं लोक ऐकतील. माझं सोडा, मी शहरात गेलेली आगाऊ पोरगी. पण आबांच्या शब्दावर माणसं पाच दिवस हळद सोडायची, उपाशी बसायची. आता तेच आबा दारात उभं राहून सांगत होते, माझ्या हातून चूक झाली, रक्त तपासून या.

एका म्हातारीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "तुमी हात लावला म्हनून जित्ती हाये मी. तुमच्या हातात काय बी वंगाळ न्हाई." चहा पाजला, साडीचा पदर डोळ्याला लावला, तपासायचं नाव काढलं की विषय बदलला. एका तगड्या माणसानं दंड फुगवून दाखवला, "मला काय झालंय आबा? बैल हाये बैल!" एकाच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. त्यानं आम्हाला आत घेतलंच नाही, फाटकापाशी येऊन हळूच म्हणाला, "पाव्हने येणार हायेत. कावीळ-बिवीळ बोलू नका जोरानं." जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेला एकजण म्हणाला, रिपोर्टात काही निघालं आणि ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून गेटाबाहेर. त्याला काय सांगणार? मी सांगितलं की हे जेवणातून, हात लावण्यातून पसरत नाही, कुणाला कळायचं कारण नाही. तो हो हो म्हणाला, गेला नाही.

तपासायला गेला तो एकच. आबांच्याच वयाचा, शेजारच्या गावचा. त्याला सी निघाली. यकृत अजून चांगलं होतं, गोळ्यांनी साफ होईल असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते एकदा तरी घडलं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याचा मुलगा मंठ्यात भर रस्त्यात आबांना म्हणाला, "रोग वाटत फिरत होते व्हय तुमी?" ते चारचौघांनी ऐकलं, मग चाळीसांनी. त्यानंतर तर दारंच लागायला लागली. लोक तिकडं दुसऱ्या एका गावात माळ घ्यायला जाऊ लागले. तिथंही ब्लेड आहे, असं कळलं. आबा तिथंही जाऊन आले. त्या माणसानं त्यांना उभ्या उभ्या पाणी पाजून वाटेला लावलं, धंदा बसला म्हणून जळतो म्हातारा, असं मागून म्हणाला.

मागच्या रविवारी आम्ही दोन घरं करून मंठ्याच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली थांबलो. दोन्हीकडे तोंडावर हसून, खोटं बोलून पाठवलं होतं. एकानं तर "तपासलं की, काही न्हाई निघालं," असं सांगितलं, आणि कुठं तपासलं विचारल्यावर त्याला दवाखाना सांगता आला नाही. एवढं चिडलेलं मी आबांना माझ्या भांडणात कधी पाहिलं नव्हतं. "अरे, मरशील की रे बाप्पा!" ते त्या नसलेल्या माणसाला म्हणाले. "मी खोटं काहून बोलंल? मला काय भेटून राह्यलंय? डोळ्यानं दिसून राह्यलं मला, ह्यो मानूस चुकून राह्यला, अन् हसून राह्यला, अन् ऐकत न्हाई."

मी बाटली पुढं केली. ते प्यायले नाहीत. बाटली मांडीवर धरून माझ्याकडे बघत राहिले, पापणी ओढून पाहायचे तसं, थेट.

"बाई," ते म्हणाले, "तुला आसंच व्हायचं का गं? ओसरीवर?"

वीस वर्षांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. लहान-मोठी, टोचणारी, पाठ झालेली. ती मी बाजूला ठेवली. माझा राग मात्र जागेवरच होता, तो काही गेला नाही.

"रोज," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. मग त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, धोतर सावरून उठले आणि स्कूटीवर मागे बसले. तिसऱ्या घरी आतून टीव्हीचा आवाज येत होता. आबांनी कडी वाजवली, हाक मारली, स्वतःचं नाव सांगितलं. टीव्ही बंद झाला आणि दार उघडलं नाही.